फिरतीचा लॅपटॉप: मॅक की विंडोज हे तुमच्या कामालाच विचारा

फिरतीवरचा ऑडिटर, गावोगाव मुलाखती घेणारी पत्रकार, आठवड्यातले तीन दिवस साइटवर काढणारा इंजिनीअर, परदेशी शिकायला निघालेली मुलगी, या सगळ्यांना लॅपटॉप घेताना एकच प्रश्न पडतो: मॅक की विंडोज? सल्ला मात्र बहुधा एका जागी बसून काम करणाऱ्यांकडून मिळतो. मेहुण्याकडे मॅक आहे म्हणून मॅक, दुकानात हप्त्यांची स्कीम चालू आहे म्हणून विंडोज. घरातली मोठी रक्कम जाणार आहे आणि पुढची पाच-सहा वर्षं ही वस्तू खांद्यावर वागवायची आहे. म्हणून कळकळीने सांगतो, दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि ज्या सॉफ्टवेअरवर तुमचं पोट आहे त्यांची नावं त्यावर लिहून काढा.

त्या कागदावर टॅली असेल, रेव्हिट किंवा सॉलिडवर्क्स असेल, तर निवड झालीच, विंडोज घ्या. ही सॉफ्टवेअर थेट मॅकवर बसत नाहीत. ‘मॅकवरही विंडोज टाकता येतं हो’ असं कुणी म्हणेल. इंटेल चिपच्या मॅकमध्ये ते सरळ जमायचं. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने स्वतःच्या एम मालिकेच्या चिप आणल्या आणि त्यांच्यावर बूट कॅम्प ही विंडोज टाकायची सोय राहिली नाही. आता पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घेऊन त्याच्या आत विंडोज चालवावं लागतं. महिन्यातून एकदा एखादी फाइल उघडायची असेल तर ठीक. पण जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या रात्री लॉजवर बसून टॅली अशा आडमार्गाने चालवू नका. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर ते देणाऱ्याला आधी फोन करून विचारा, मॅकसाठीचा ड्रायव्हर आहे का आणि तो सध्याच्या आवृत्तीवर चालतो का.

विंडोज घेणाऱ्यांनीही इथे सावध राहावं. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप बाजारात आहेत. बॅटरी उत्तम टिकते, वजनाला हलके असतात. पण त्यांची चिप मोबाइलच्या जातीची आहे. साधी सॉफ्टवेअर त्यांच्यावर भाषांतर होऊन चालतात. ड्रायव्हर तसे चालत नाहीत. जुना प्रिंटर, सहीचं टोकन, सर्वेक्षणाचं एखादं यंत्र अडून बसू शकतं. अशी उपकरणं जोडणाऱ्याने इंटेल किंवा एएमडीचाच घ्यावा.

कागदावर यातलं काहीच नसेल, फक्त लिहिणं, मेल, एक्सेल, ब्राउझर, फोटो, थोडं व्हिडिओ संकलन एवढंच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फिरतीसाठी मॅकबुक एअर घ्या, १६ जीबी मेमरीचा. ८ जीबीचा जुना साठा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, कारण ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

याचं मुख्य कारण बॅटरी, पण जाहिरातीतले तास नव्हेत. ते आकडे बहुधा मंद उजेडात व्हिडिओ लावून काढलेले असतात आणि इंटेलच्या नव्या कमी विजेच्या चिपही आता मॅकच्या बऱ्याच जवळ आल्या आहेत. खरा फरक झाकण मिटल्यावर कळतो. मॅकचं झाकण मिटून तो सॅकमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी उघडा, बॅटरी जवळपास होती तेवढीच असते. विंडोजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतो. झाकण मिटलं तरी यंत्र अर्धवट जागं राहतं, अपडेट शोधतं, कधी बॅगेतच तापतं, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते. आधीच तुमच्याकडे विंडोज असेल तर त्यावर उपाय आहे आणि तो आजच करा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ होईल असं ठरवून टाका. उघडताना काही सेकंद जास्त लागतील, पण बॅटरी वाचेल.

एअरमध्ये पंखा नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवरची धूळ आत ओढली जात नाही. मात्र तापलं की यंत्र आपला वेग कमी करतं. ॲपल स्वतःच वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतं. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पारा त्याच्या कितीतरी वर जातो. मॅक असो वा विंडोज, उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, बॅटरी फुगते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी थोडं थांबून विचार करावा. युनिकोडमध्ये लिहीत असाल तर दोन्हीकडे सोय आहे. इनस्क्रिप्ट दोन्हीत आहे आणि विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आलेला आहे. अडचण आहे ती जुन्या कामाची. अनेक छापखाने, दिवाळी अंक आणि छोटे प्रकाशक अजून युनिकोडपूर्वीच्या टंकांत काम करतात. श्रीलिपीची किंवा आयएसएमची विंडोज प्रत आणि तिचा डोंगल तुमच्याकडे असेल, वर्षानुवर्षांच्या फाइली त्यात असतील, तर विंडोज सोडू नका. निदान तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून, जोडाक्षरं आणि रफार तपासून होईपर्यंत तरी नकोच.

दुरुस्तीचा मुद्दा खरेदीच्या उत्साहात मागे पडतो. मुंबई-पुण्यात ॲपलची दुकानं आहेत, अधिकृत सेवा केंद्रं मोठ्या शहरांत आहेत. तुमचं काम गडचिरोली-सिरोंचाच्या बाजूला किंवा दक्षिण रत्नागिरीत असेल तर यंत्र बिघडल्यावर ते घेऊन कुठवर जावं लागेल हे आधीच पाहा. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या व्यवसायासाठीच्या मॉडेलांना तंत्रज्ञ जागेवर येण्याची वॉरंटी घेता येते. तुमचा पिनकोड त्यात बसतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. थिंकपॅडच्या काही मॉडेलांत सिमकार्डची सोयही असते. मॅकमध्ये ती नाही. केवळ या दोन गोष्टींसाठी दुर्गम भागात काम करणाऱ्याला मी थिंकपॅडच सुचवेन, मग त्याची बॅटरी थोडी कमी चालली तरी हरकत नाही.

वजनाचं सांगायचं तर १३ इंची एअर सव्वा किलोच्या आत आहे. स्वस्तातले मोठ्या पडद्याचे विंडोज लॅपटॉप दीड किलोच्या पुढेच असतात, चार्जर वेगळा. टाइप-सीवर चार्ज होणारंच यंत्र निवडा, म्हणजे ६५ वॅटच्या एका चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते, त्यामुळे ती नेता येते, पण हातातल्या बॅगेतच. चेक-इन केलेल्या सामानात ती टाकू नका.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी तिथे पोचून लॅपटॉप घ्यायचं ठरवलं असेल तर कीबोर्ड पाहून घ्या. जर्मनीत दुकानातल्या लॅपटॉपवर वाय आणि झेड यांच्या जागा बदललेल्या असतात. विंडोजच्या यंत्राची वॉरंटी भारतात चालेल का, हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा लेखी घ्या. विद्यापीठाच्या विभागाला मेल करून कोणतं सॉफ्टवेअर लागतं ते विचारलंत तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

खरेदी झाली की पहिल्या संध्याकाळी दोन कामं करा. बाहेरची हार्ड डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर मॅकला फक्त वाचता येतं आणि मॅकची एपीएफएस डिस्क विंडोजला दिसतच नाही. आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट, विंडोजवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते पाहा. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून लॅपटॉपच्या अनुक्रमांकासह घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.