तुरीचा भाव गोदामात नव्हे, संशोधन केंद्रात ठरतो

ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळीने किलोला दोनशे रुपयांचा टप्पा गाठला. लगेच साठा मर्यादा आली, गोदामांवर धाडी पडल्या आणि सारा दोष व्यापाऱ्याच्या माथी बसला. पुढच्याच हंगामात देशात तुरीचे विक्रमी पीक आले, भाव हमीभावाच्या खाली घसरले आणि शेतकरी रडकुंडीला आला. मे २०२१ मध्ये आयात खुली झाली, तर २ जून २०२३ रोजी पुन्हा साठा मर्यादा लागू झाली. घाऊक व्यापाऱ्यास २०० टन, किरकोळ दुकानदारास ५ टन. साठेबाजीचे समर्थन कोणीच करणार नाही. पण जे पिकलेच नाही, ते धाडीत कोठून सापडणार?

मूळ दुखणे शेतात आहे. आपल्याकडे तुरीचे उत्पादन हेक्टरी जेमतेम आठ-नऊ क्विंटल. पीक पाच-सहा महिने शेतात उभे राहते, तेही बहुतांशी पावसाच्या भरवशावर. त्यात मर रोग, वांझ रोग आणि शेंगा पोखरणारी अळी. तूट पडली की म्यानमार, मोझांबिक, टांझानियाकडे पाहावे लागते.

यावर उपाय सार्वजनिक संशोधनानेच दिले आहेत. मर आणि वांझ रोगाला दाद न देणारा 'आशा' हा वाण इक्रिसॅटच्या संशोधनातून १९९३ मध्ये आला. जालना जिल्ह्यातील बदनापूर केंद्राचा 'बीडीएन ७११' सुमारे १५० ते १६० दिवसांत तयार होतो, त्यामुळे परतीचा पाऊस चुकला तरी काही हाती लागते. खाजगी कंपन्यांना तुरीत फारसा रस नाही, कारण शेतकरी घरचेच बी पुन्हा पेरतो. साहजिकच हे काम सरकारी केंद्रांनीच करावयाचे आहे.

परंतु जुन्या पद्धतीने एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. २०११ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी 'आशा'च्याच जनुकांचा आराखडा मांडला. त्याच्या आधारे रोपाच्या पानावरून गुण ओळखता येतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये प्रकाश व तापमान नियंत्रित करून वर्षाला तुरीच्या चार पिढ्या घेण्याची पद्धत बसवली आहे. म्हणजे निम्म्याहून कमी काळात वाण हाती येऊ शकतो. हे तंत्र विद्यापीठांच्या लहान केंद्रांपर्यंत पोहोचले पाहिजे. तेथे पैदासकारांची पदेच रिकामी राहिली, तर यंत्रे आणून काय उपयोग?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने कडधान्य आत्मनिर्भरतेसाठी ११,४४० कोटींचे अभियान मंजूर केले. त्यातील भरीव वाटा वाण पैदास व बियाणे साखळीस मिळावा. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित बियाण्यापर्यंतचा प्रवास रेंगाळला, तर उत्तम वाणही कागदावरच राहतो.

येथे व्यापारी बांधवांचेही काम आहे. कोणत्या वाणाचा डाळीचा उतारा चांगला, कोणता भरडताना चुरा होतो, कोणती डाळ लवकर शिजते, हे गिरणीवाल्याइतके कोणास ठाऊक? वाण निवडीच्या बैठकीत त्यास बोलवावे, अशी मागणी बाजार समित्यांच्या व डाळ गिरण्यांच्या संघटनांनी लेखी करावी. साठा मर्यादेविरुद्ध निवेदने आपण नेहमीच देतो. एक निवेदन बियाण्यासाठीही द्यावे. डाळ महागली की दुकानदाराची उधारी तुंबते आणि मागावरच्या कारागिराच्या ताटातली वाटी निम्मी होते. दोघांचेही हित शेवटी त्या बियाण्यात आहे.