जुन्या एन्ड्युरो: चालवायच्या की पुजायच्या?

जुन्या एन्ड्युरो मोटरसायकलींची तुलना निघाली की ठरलेले रकाने भरले जातात. साल, सीसी, रंग ओरिजिनल आहे का, इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळतात का, आणि शेवटी किंमत. गाडी चालू होते का, हे मात्र कुणी विचारत नाही! माफ करा मंडळी, पण ही फर्निचरची तुलना झाली.

एन्ड्युरोची कसोटी त्या खेळानेच ठरवून दिलीय. 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' ही स्पर्धा १९१३ साली इंग्लंडमधल्या कार्लाइलला सुरू झाली. १९८१ पासून तिच्या नावात 'ट्रायल'च्या जागी 'एन्ड्युरो' आलं. सहा दिवस दगडधोंडे आणि चिखल, दुरुस्ती स्वारानेच करायची, आणि सकाळी इशारा झाल्यावर एका मिनिटात इंजिन चालू झालं नाही तर दंडाचे गुण. माझ्या तक्त्यात हा पहिला रकाना.

आता तीन गाड्या घेऊ. यामाहा डीटी-१ (१९६८), २४६ सीसी टू-स्ट्रोक. हलकी आणि साधी. संग्राहकांना ती या पिढीतली पहिली म्हणून हवी असते. पण टू-स्ट्रोक वर्षानुवर्षं उभी राहिली की क्रँकची रबरी सील कडक होतात, तिथून बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं आणि पिस्टन तापून जाम होतो. म्हणजे 'जपलेली' गाडीच जास्त धोक्याची.

होंडा एक्सएल-२५० (१९७२). फोर-स्ट्रोक, चार व्हॉल्व्ह. वजनाने जड, पण स्वभावाने गरीब. तिला डीटी-१चं वलय नाही. नसू दे. दर रविवारी बाहेर काढायची असेल तर मी हीच घेईन.

यामाहा एक्सटी-५०० (१९७६), ४९९ सीसीचा एकच सिलिंडर. सिरिल नेव्हूने १९७९ आणि १९८० ची पॅरिस-डकार हिच्यावरच जिंकली. ही चालू करणं ही एक कला आहे. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबायचा, हेडवरच्या छोट्या खिडकीत खूण बघायची, मगच किक. हॉलमध्ये उभ्या केलेल्या गाडीवर हे कसं शिकणार?

"ओरिजिनल रंग एकदा गेला की परत येत नाही," असं संग्राहक म्हणतात. खरंय. काही गाड्या हात न लावता जपायलाच हव्यात, नाहीतर मूळ गाडी कशी होती ते कळणार कुठून? पण त्यासाठी संग्रहालयं आहेत, प्रत्येक गॅरेजचं संग्रहालय कशाला? आपल्याकडे आरएक्स-१००चं हेच चाललंय. उत्पादन थांबलं १९९६ मध्ये, आणि आता वाद कशावर, तर टाकीवरचा स्टिकर कंपनीचा की नंतर लावलेला! जो कोड कधी रनच होत नाही, त्याच्या सुबक कॉमेंट्सचं कौतुक करण्यातलाच हा प्रकार.

तेव्हा घ्यायला जाल तेव्हा पॉलिश नंतर बघा. आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा, तुम्ही येण्याआधीच कुणीतरी चालू करून ठेवलंय. थंड होऊ द्या, मग किक मारा. एक मिनिट पुरे.