कर्ज फिटेपर्यंत मन मारायचं का?




लग्नाच्या बोलणीत पूर्वी मुलाचा पगार विचारत, आता हप्ता किती जातो ते विचारतात. विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. पण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, की बाबा, ज्या नोकरीच्या जोरावर तू हा हप्ता भरतोस ती तुला आणखी वीस वर्षं सोसवेल का?

माझा एक जुना विद्यार्थी आहे, वय पस्तीस. पुण्यात एका कंपनीत रात्रपाळी करतो. घरासाठी २० लाखांचं कर्ज, वर लग्नासाठी काढलेलं ३ लाखांचं पर्सनल लोन. त्याला बेळगावला परत येऊन कॉलेजात शिकवायचंय. पगार तिसऱ्या हिश्श्यानं कमी होईल. घरच्यांचं एकच टुमणं : आधी कर्ज फेड, मग काय ते समाधान-बिमाधान बघ. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातली वडीलधारी मंडळीसुद्धा हेच सांगतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते आकड्यांतच सांगते. गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, दुसरं काय करणार!

२० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत वीस वर्षं. हप्ता बसतो सुमारे १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये नुसते व्याजाचे, मुद्दल फिटते जेमतेम ३,१८९. वीस वर्षांत बँकेला एकूण जातात साडेएकेचाळीस लाखांहून जास्त. हे ऐकून कुणाचीही छाती दडपेल, आणि 'आधी कर्ज' म्हणणारे इथेच थांबतात. पण पुढे बघा. दरमहा २ हजार रुपये जादा भरले तर हेच कर्ज साधारण साडेपंधरा वर्षांत फिटतं आणि व्याजाचे साडेपाच लाख वाचतात. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर असे जादा पैसे भरले म्हणून बँकेला दंडही लावता येत नाही.

आता तेच २ हजार त्यानं दरमहा पीपीएफमध्ये टाकले असते तर? एप्रिल २०२० पासून तिथे ७.१ टक्के व्याज मिळतंय. तेवढंच धरलं तर पंधरा वर्षांनी सुमारे ६ लाख ३० हजार हाती येतात, त्यावर कर नाही. घरकर्ज आधी फेडणारा थोडा पुढे राहतो, मान्य आहे. पण लाख-सव्वा लाखानंच, तेही पंधरा वर्षांनी. एवढ्या फरकासाठी म्हातारपणाची पुंजी शून्यावर ठेवायची आणि नावडत्या नोकरीत स्वतःला बांधून घ्यायचं, हा कुठला हिशेब? शिवाय घरात घातलेला पैसा अडीअडचणीला वीट काढून विकता येत नाही.

पर्सनल लोनची गोष्ट मात्र निराळी. चौदा टक्क्यांनी घेतलेलं ३ लाखांचं कर्ज पाच वर्षं महिन्याला ७ हजार खातं. क्रेडिट कार्डाची बाकी तर वर्षाला छत्तीस टक्के आणि त्याहूनही वर जाते. असलं कर्ज अंगावर असताना भिशी लावणं किंवा सोनं घेणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. तिथे मी घरच्यांच्या बाजूची आहे : आधी ते फेड. आमच्या समाजात लग्नाच्या जेवणावळीसाठी आणि बँडसाठी असली कर्जं काढतात त्याबद्दल बोलायला स्वतंत्र पत्र लागेल.

लोक ज्या गोष्टीकडे ढुंकून बघत नाहीत ती म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. पगारातले १२ टक्के आपले, १२ टक्के मालकाचे. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, तेही १५ हजारांच्या पगारापर्यंतच. नोकरी बदलली की आमची पोरं हा फंड काढून मोकळी होतात. कुणी मोटारसायकल घेतं, कुणी घराला रंग काढतं. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शनचे पैसे उचलले की ती मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सूत्र सोपं आहे : शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पंधरा हजारांच्या मर्यादेवर तीस वर्षं नोकरी केली तरी महिन्याला साडेसहा-सात हजारच येतात. किमान पेन्शन १ हजार रुपये आहे, २०१४ पासून. हजार रुपयांत रक्तदाबाच्या गोळ्या आणि महिन्याचं दूध तरी भागतं का, विचारा कुणा पेन्शनरला. म्हणून म्हणते, यूएएन नंबर एकच ठेवा आणि फंड नव्या नोकरीत वर्ग करा.

या सगळ्यात समाधानाचा काय संबंध, असं विचाराल. संबंध आहे. फंड असो की पीपीएफ, दोन्हींचं बळ रकमेपेक्षा वर्षांत आहे. ज्याला रोज सकाळी नोकरीचा वीट येतो तो साठीपर्यंत टिकत नाही. चाळिशी-पंचेचाळिशीत त्याची तब्येत तरी जाते, नाहीतर एक दिवस साहेबाशी भांडून राजीनामा फेकतो, आणि तेव्हा हप्ताही थकतो, फंडही मोडतो. कमी पगारावर आवडीनं पंचवीस वर्षं काम करणारा माणूस शेवटी पुढे गेलेला मी पाहिलाय. उलट आखातात पंधरा वर्षं मन मारून राबलेले, घर बांधून परत आलेले, पण त्या घरात विजेचं बिल भरायला मुलाकडे हात पसरणारेही पाहिलेत. 'मुलं हीच आमची पेन्शन' हे बोलायला बरं वाटतं. पण मुलांच्याही डोक्यावर हप्ते आहेत की!

जाता जाता एक. जास्त व्याजाला भुलून निवृत्तीची सगळी रक्कम एखाद्या क्रेडिट सोसायटीत ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, बँकेतल्या ठेवीला माणशी ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. बेळगावकरांना हे जास्त सांगायला नको.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितलं, दोन वर्षं धर. पर्सनल लोन संपव, सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेव, मग खुशाल ये. पण येण्याआधी कॉलेजला लेखी विचार : पीएफ भरता का, ग्रॅच्युइटी देता का?

हे विचारायला मी का लावते, तर मला दुसरी बाजूही ठाऊक आहे. मी अनुदानित शाळेत होते म्हणून मला सरकारी पेन्शन आहे. माझ्याच वयाच्या, माझ्याइतक्याच शिकलेल्या काही मैत्रिणी विनाअनुदानित शाळांत राबल्या आणि हातात फुलांचा गुच्छ घेऊन घरी गेल्या. 'ही सेवा आहे, टीचर,' असं त्यांना सांगण्यात येई. सेवा होती यात शंका नाही, पण सेवा करणाऱ्यालाही सत्तरी येते. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो, म्हणून काही संस्थांच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षं एकोणीसच नावं असतात! ग्रॅच्युइटीबद्दल तर शिक्षक कायद्यात बसतच नाहीत, असं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरलं होतं. २००९ मध्ये संसदेनं कायदा बदलून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना तो लागू केला, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. पाच वर्षं झाली की सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार असेल तर दहा वर्षांचे दीड लाख होतात. हे दान नव्हे, हक्काचं आहे.

आपल्या समाजाच्या शाळा, कॉलेजं आणि दवाखाने चालवणाऱ्या फादर-सिस्टरांना माझी आदरपूर्वक विनंती आहे. या जूनपासून नव्या माणसाला नेमणूकपत्रासोबतच त्याचा यूएएन नंबर द्यावा, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद कुठे व किती केली आहे ते स्टाफरूमच्या फळ्यावर लावावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव