काचेपलीकडचं संविधान
परभणीच्या रेल्वे स्टेशनबाहेर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर संविधानाची प्रतिकृती आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तिची विटंबना झाली. लोक पेटून उठले आणि ते उठणारच होते. ज्यांना माणूसपण त्या पुस्तकानं दिलं, त्यांना ती नुसती शोभेची वस्तू कशी वाटेल? दुसऱ्या दिवशीच्या बंदला मात्र हिंसक वळण लागलं, दगडफेक झाली, धरपकड झाली. त्या धरपकडीत सापडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना दगावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अंगावर अनेक जखमा नोंदल्या होत्या. अशा वेळी चौकात, चहाच्या टपरीवर एकच सूर लागतो: आरोपीला भर चौकात ठेचा, खटला कशाला? हा सूर मला भिववतो. आज चौकात जी मुभा आपण मागतो, तीच उद्या कोठडीत लाठी उगारणारा घेतो. सोमनाथच्या आईनं, विजयाबाईंनी, चौकातला न्याय मागितला नाही. त्या कोर्टात गेल्या. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश जुलै २०२५ मध्ये आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. येत्या २६ जानेवारीला प्रतिकृतीला हार जरूर घाला, पण शेजारी कलम २१ आणि २२ ठळक मराठीत लावा. अटकेचं कारण विचारता येतं, वकील मागता येतो, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं, हे स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे.