पाय कोणी काढून घेतले?

गेल्या श्रावणात एक माजी विद्यार्थी दाखल्याची दुय्यम प्रत न्यायला शाळेत आला. माझी खोली वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या चढून आला आणि नमस्कार करण्याआधी खुर्ची शोधू लागला. वय वीस. आठवीत असताना हाच पोरगा तालुक्याच्या स्पर्धेत आठशे मीटरला पहिला आला होता. तो कप अजून माझ्या कपाटात आहे. "वजन वाढलंय सर थोडं," असे तोच ओशाळून म्हणाला. थोडे म्हणजे किती, हे मी विचारले नाही.

त्या दिवसापासून एक वाक्य कानी पडले की माझे डोके फिरते : "हल्लीच्या पोरांना जिभेवर ताबा नाही!" वाचकहो, हे वाक्य आपण सारेच म्हणतो, आणि तेही लग्नाच्या पंगतीत तिसरा लाडू उचलताना. ते खोटे आहे असे नाही. अर्धे आहे, आणि आपल्या सोयीचे तेवढेच अर्धे आहे.

त्या मुलाची पीयूसीची दोन वर्षे मी त्याच्याकडून वदवून घेतली. पहाटे साडेपाचला टिळकवाडीत फिजिक्सची शिकवणी, घराच्या दारापासून क्लासच्या दारापर्यंत स्कूटीवर. तिथून थेट कॉलेज. त्या वेळी भूक नसते म्हणून डबा नाही; दहाच्या सुट्टीत कॅन्टीनमधला वडा नाहीतर पफ, सोबत कोल्ड्रिंक. चारपर्यंत बाक. मग गणिताची शिकवणी, ती सुटली की गाड्यावरची गोबी मंचुरी. रात्री साडेनऊला जेवण. अकराला पुस्तक मिटले की हातात मोबाईल, तो एक वाजेपर्यंत. "दोन वर्षांत ग्राउंडवर पाय नाही ठेवला सर," तो म्हणाला. झोप उरली चार तास. झोप तुटली की भूक वाढते आणि ती भाकरीची नसते, गोडाची नि तळणाची असते, हे डॉक्टर मंडळी कधीपासून सांगत आहेत.

आता यात त्याची जीभ किती आणि आपण किती, याचा हिशेब मांडा. शिकवणीची फी आपण भरली. स्कूटी आपण घेऊन दिली, तीही एसएसएलसीच्या मार्कांचे बक्षीस म्हणून, लायसन्सचे वय होण्याआधीच. मी स्वतः कॉलेजला येळ्ळूरहून सायकलने येत असे; त्यात माझा संयम वगैरे काही नव्हता, घरात दुसरे वाहन नव्हते इतकेच. त्या गरिबीने आम्हाला पाय दिले. आपल्या ऐपतीने आपण पोरांचे पाय काढून घेतले आणि वर त्यांनाच आळशी ठरवले.

कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. चांगले केले. रंग गेला, मैदा आणि तेल राहिले. तीनशे मिलिलिटर कोलात सुमारे तीस ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा, की वरून घातलेली साखर दिवसाकाठी पंचवीस ग्रॅमच्या आसपासच राहिली तर उत्तम. म्हणजे दहाच्या सुट्टीतच दिवसाचा कोटा संपला.

"आमचा तर काडीसारखा आहे," असे म्हणणाऱ्या पालकांनीही निर्धास्त राहू नये. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी यडकिनांच्या ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणूनच जगात अतिवजनाची रेघ पंचवीसवर मारली असली, तरी आपल्याकडचे डॉक्टर तेवीसलाच सावध करतात.

मुलींची गत आणखी वेगळी. दहावी झाली की मैदान बंद, कारण 'मोठी झाली'. वजन वाढले की हीच घरची मंडळी लग्नाच्या काळजीने टोमणे मारणार. मग ती सकाळचे जेवण सोडते आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर पाणीपुरी-मंचुरीवर भूक भागवते.

यावर एका पालकाने मला सुनावले, "सर, सीमाभागातल्या मराठी पोराला मार्कांशिवाय कोण विचारतो? आधी सीट, मग तब्येत." त्यांचे दुःख खरे आहे. मलाही दोन मुले आहेत, मीही त्यांना शिकवणीला घातले होते. पण सीट मिळवलेलाच मुलगा बावीस पायऱ्यांवर बसला होता, हे मी कसे विसरू? सतरा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज तासभर तरी अंगमेहनत हवी, असे तीच जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौदा तासांच्या त्या दिवसात एक तास मावत नाही, हे मला पटत नाही. दुसरी शिकवणी मावते. पायी कॉलेजला जाणे आणि पायी परत येणे, एवढ्यानेही तो तास बराचसा भरतो.

आमच्या गल्लीत शेजारीण भेटली की विचारते, "ऊट आतेन्री?" आम्ही विचारतो, "जेवलात का?" दोन भाषांत भांडणे पुष्कळ, पण या प्रश्नावर पूर्ण एकमत. "आज किती चाललात?" हे मात्र दोन्ही भाषांत कोणी कोणाला विचारत नाही.

आणि आता माझा गुन्हा. त्या मुलाच्या दहावीच्या वर्षी दिवाळीनंतरचे पी.टी.चे सगळे तास मी गणिताला दिले होते. दरवर्षीच देत आलो. निकालाच्या दिवशी हारही घालून घेतले. कॉलेजला आणि मोबाईलला दोष देण्यापूर्वी सुरुवात माझ्या सहीने झाली होती, हे मला त्या खुर्चीकडे पाहताना कळले.

या वर्षी एकही तास दिलेला नाही. दहावीची मुले आठवड्यातून तीनदा मैदानावर असतात, मुलीसुद्धा. गणिताचे सर आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते. दोन पालक व्यवस्थापनाकडे तक्रार घेऊन गेले आहेत. पुढच्या बैठकीत विषय निघेल. निघू दे. तो कप मी कपाटातून काढून टेबलावर ठेवला आहे.