कुलूप कुणासाठी?

बालगृहातलं पोरगं रात्री भिंतीवर डोकं आपटायला लागलं की साहेब लोक काय करतात? खोलीला कुलूप लावतात. मग दुसऱ्या बालगृहात बदली. ज्या एका दोस्तापाशी ते रडायचं, तोही सुटला. संगोपनाला दिलेल्या घरातही तऱ्हा हीच : पोरगं बिघडलं, परत घ्या. मी गोदीत माल उचलतो. पेटीला विचारायची रीत नसते. पण पोराला?

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ३ मध्ये लिहिलंय : मुलाचं म्हणणं ऐकायचं, त्याच्याबद्दलच्या निर्णयात त्याला भाग द्यायचा, वय आणि समज बघून. मग नेमकं संकटाच्या रात्रीच हे कलम कपाटात का जातं? त्याच रात्री विचारा ना, जवळ कोण बसू? कुणाला बोलवू? धारदार वस्तू काढून घ्या, गच्चीचं दार लावा, त्यात माझं भांडण नाही. मेलेल्या पोराला कसलं डोंबलाचं स्वातंत्र्य! पण उशाशी जागं माणूस बसवा.

आणि १८ भरले की? काल फाटकाबाहेर जायला परवानगी, आज हातात ट्रंक, जा, तू मोकळा. कायदा २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची भाषा करतो. पण कलम ४६ म्हणतं, पैशाची मदत 'देता येईल'. द्यावीच लागेल असं नाही. साला, एका शब्दात ३ वर्षं गिळली!

१६ व्या वर्षीच त्याला बाजारहाट करू द्या, बँकेचं पुस्तक सांभाळू द्या, चुकू द्या. आणि १८ नंतर रात्री-अपरात्री परत आलं तर दार उघडा.