कायद्याची शाळा कोणासाठी?

वकिली ही मुळात शाळेत शिकण्याची विद्या नव्हती. अमेरिकेतील वसाहतींत होतकरू तरुण एखाद्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करी, दस्तऐवजांच्या नकला उतरवी आणि जमेल तेवढा कायदा आत्मसात करी. १७७९ साली विल्यम अँड मेरी महाविद्यालयात जॉर्ज विथ कायद्याचे प्राध्यापक झाले. १७८४ च्या सुमारास टॅपिंग रीव्ह यांनी लिचफील्ड येथे केवळ कायद्याचीच शाळा काढली. याच रीव्ह यांनी १७८१ मध्ये एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीच्या मुक्ततेच्या खटल्यात तिच्या बाजूने काम केले होते. आणि त्यांच्याच शाळेत शिकलेले जॉन कॅलहून पुढे गुलामगिरीचे कडवे समर्थक ठरले. विद्या कोणाच्या बाजूने उभी राहील, हे केवळ शाळा काढल्याने ठरत नाही, हाच याचा अर्थ.

आपल्याकडे १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याचे वर्ग सुरू झाले. निवृत्त सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ जमलेल्या निधीतून त्यासाठी प्राध्यापकपद निर्माण झाले होते. त्यातूनच उभ्या राहिलेल्या शासकीय विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या उमेदवारीपेक्षा परीक्षेने खुला होणारा वर्ग बहुजनांना जवळचा होता, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते दार आता पुन्हा आकसत आहे. नागपुरात २०१६ साली राष्ट्रीय विधी विद्यापीठ आले खरे. मात्र तेथील शिक्षण इंग्रजीतून आणि वार्षिक शुल्क लाखांच्या घरात.

देवळीच्या कापूस-उत्पादकाच्या दृष्टीने या साऱ्याची किंमत काय? राज्याच्या २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाने, अवैध सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन चौकशीअंती परत करण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला आहे. मोफत कायदेशीर साहाय्याचे तत्त्व १९७६ मध्ये राज्यघटनेत आले आणि १९८७ मध्ये त्याचा कायदा झाला. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना तर उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळू शकते. पण अर्ज कोठे करावा, पुरावा कोणता जोडावा, हे मराठीत समजावून सांगणारा माणूसच जवळ नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने विधी साहाय्य केंद्र चालविणे बंधनकारक आहे. ते केंद्र महाविद्यालयाच्या फलकापुरते राहू नये. नागपूर-वर्ध्याच्या विद्यार्थ्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी देवळीत बसावे, सातबारा वाचून दाखवावा, अर्ज लिहून द्यावेत. आणि या कामाला परीक्षेत गुण असावेत. कार्यकर्त्यांनी ही मागणी विद्यापीठांच्या दारी नेली पाहिजे. उमेदवारीतून वर्गात गेलेला कायदा आता वर्गातून बाजारात आणण्याची वेळ आली आहे.